कोल्हापुरात घरी जपून ठेवण्याजोगी बेल्जियन बिअर: शिमे ब्लू

युरोपातून येणाऱ्या बिअरची परीक्षणे बहुधा चवीपासून सुरू होतात. कोल्हापुरात बसून लिहायचे तर आधी प्रवासाचा विचार करावा लागतो. बेल्जियममधून किंवा बव्हेरियातून निघालेली बाटली समुद्रमार्गे कंटेनरमधून येते, शुल्काचे आणि लेबलांचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत गोदामात थांबते, मग वितरकाकडे जाते आणि शेवटी ट्रकने आपल्या शहरात पोहोचते. या वाटेवर ती किती दिवस गारव्यात होती आणि किती दिवस उन्हात, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. घरी थोडा संग्रह करण्याची हौस असेल, तर एवढा प्रवास आणि त्यावर आपला एप्रिल-मे सोसून जी बिअर चांगली राहते तीच घ्यावी, असे माझे मत बनले आहे. या कसोटीवर शिमे ब्लू मला सर्वांत भरवशाची वाटली आणि हे परीक्षण मुख्यतः तिचेच आहे.

शिमे हे दक्षिण बेल्जियममधील, फ्रान्सच्या सीमेजवळचे छोटे गाव. त्याच्या परिसरात स्कूरमॉन्टचा मठ १८५० मध्ये स्थापन झाला आणि १८६२ पासून तेथील ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे साधू बिअर बनवू लागले. लेबलावर जे षट्कोनी ट्रॅपिस्ट चिन्ह दिसते, ते केवळ शोभेचे नाही. बिअर मठाच्या आवारात, साधूंनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनवलेली असावी आणि उत्पन्न मठाच्या चरितार्थासाठी व धर्मादाय कामासाठी वापरले जावे, अशा त्याच्या अटी आहेत. नुसत्या चर्चचे किंवा साधूचे चित्र असलेल्या बाटल्यांना हे बंधन नसते. म्हणून चित्राकडे न पाहता चिन्हाकडे पाहावे. शिमेच्या रेड, व्हाइट आणि ब्लू अशा ज्या प्रमुख बिअर भारतात येतात, त्यांत अल्कोहोलचे प्रमाण अनुक्रमे ७, ८ आणि ९ टक्के आहे. निळ्या लेबलाची ही बिअर मुळात नाताळसाठी काढली होती आणि पुढे ती वर्षभर मिळू लागली.

ही बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर व यीस्ट घातलेले असते, त्यामुळे बूच बसल्यानंतरही आत मंदपणे आंबण्याची क्रिया चालू राहते. फेसासाठी लागणारा वायू त्यातूनच तयार होतो, आणि जिवंत यीस्ट बाटलीत अडकलेला प्राणवायू बऱ्याच अंशी वापरून टाकते. प्राणवायू हा बिअरचा मोठा शत्रू आहे. साध्या, फिकट बिअरला जुनी झाल्यावर जो ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो त्याच्यामुळेच. ब्लूमध्ये यीस्टच्या जोडीला ९ टक्के अल्कोहोल, गडद मॉल्ट (मोड आणून भाजलेले धान्य) आणि बेताचे हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) असल्यामुळे तिचे वय वाढते तेव्हा ती बिघडण्याऐवजी बदलते. ताज्या बाटलीत मिऱ्या-लवंगांसारखा तिखटपणा आणि अल्कोहोलची ऊब पुढे असते. वर्ष-दोन वर्षे ठेवलेल्या बाटलीत तो तिखटपणा मागे सरतो आणि खजूर, मनुका, काहीशा शेरीसारख्या छटा वर येतात. मला स्वतःला साधारण दीड-दोन वर्षांची बाटली अधिक आवडते. त्याहून जुनी बाटली मऊ होते हे खरे, पण तिच्यातला जिवंतपणाही कमी होतो, आणि त्याला परिपक्वता म्हणण्याइतका मी भाविक नाही.

रंग गडद तपकिरी, उजेडात धरल्यास कडेला तांबूस. फेस बदामी रंगाचा, दाट आणि बराच वेळ टिकणारा. नाकाशी नेताच जो पहिला वास येतो तो आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखीचा वाटेल: गुऱ्हाळावर ताज्या काकवीचा येतो तसा, गोड पण किंचित करपलेला. चव मात्र वासाइतकी गोड नाही. साखरेचा बराच भाग यीस्टने संपवलेला असल्यामुळे घोट कोरडा संपतो, आणि या शैलीतल्या इतर अनेक जड बिअरपेक्षा ती पिण्यास सोपी जाते. हा तिचा गुण आहे आणि धोकाही, कारण ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीतले अल्कोहोल साध्या ५ टक्क्यांच्या जवळजवळ दोन तशाच बाटल्यांइतके भरते.

पिण्याच्या तापमानाबद्दल आपल्याकडे एक हट्ट आहे. बिअर शॉपीत गेल्यावर पहिला प्रश्न "गार आहे का?" हाच असतो आणि बर्फाळ बाटली हीच चांगली बाटली, असे धरले जाते. ब्लू तशी प्यायली तर पैसे वाया गेले म्हणून समजावे. १० ते १२ अंश हे तिचे योग्य तापमान आहे. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे टेबलावर ठेवली की आपल्या हवेत ती तिथवर येते. रुंद तोंडाचा, पायाचा ग्लास असल्यास उत्तम. ओतताना बाटली एका दमात तिरकी करावी आणि तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा, कारण तिथे यीस्टचा गाळ बसलेला असतो. तो अपायकारक नाही, पण बिअर गढूळ होते आणि चवीत पावाच्या आंबवणाचा अंश उतरतो.

साठवणीच्या बाबतीत कोल्हापूर हे पुण्या-मुंबईपेक्षा फारसे सोपे शहर नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात दमटपणामुळे लेबलांना बुरशी धरते. जुन्या घरातली जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली असेल तर हिवाळाभर बाटल्या तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, उभ्या ठेवता येतात. उभ्या अशासाठी, की गाळ तळाशी राहतो आणि हवेला कमी पृष्ठभाग मिळतो. मार्चपासून मात्र त्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलवाव्यात. फ्रिजमध्ये बिअर फारच सावकाश पिकते, परंतु पत्र्याखालच्या माळ्यावर एक उन्हाळा काढण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

संग्रहात आणखी काय ठेवावे, असे विचारल्यास माझी यादी आखूड आहे. मूरटगाट कुटुंबाच्या ब्रुअरीची डुव्हेल ही ८.५ टक्क्यांची सोनेरी बिअर. सैतान या अर्थाचे तिचे नाव १९२३ पासूनचे आहे. तीही बाटलीत आंबते, तिचा फेस ग्लासाबाहेर येईल इतका उसळतो, पण तिचे सौंदर्य हॉप्सच्या ताजेपणात असल्याने मी ती सहा-आठ महिन्यांपलीकडे ठेवत नाही. जर्मनीच्या श्नायडरची आव्हेंटिनस, ८.२ टक्के, गव्हाची आणि गडद, १९०७ पासून बनत असलेली, ही जपून ठेवण्यात ब्लूच्या जवळ येते. कोल्हापुरात ती दिसलीच तर घ्यावी. हूगार्डन ही धने आणि संत्र्याची साल घातलेली, ४.९ टक्क्यांची गव्हाची बिअर, १९६० च्या दशकात पिएर सेलिस या एकेकाळच्या दूधवाल्याने पुनरुज्जीवित केलेली. ती आठवड्याभरात संपवण्याची वस्तू आहे, संग्रहाची नव्हे. लंडन प्राइडसारख्या इंग्लिश एलचेही, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरचेही, तसेच: मॉल्टची नाजूक चव ताजी असतानाच भेटते.

हिरव्या बाटलीतल्या आयात लागरबद्दल, म्हणजे गारव्यात आंबवलेल्या बिअरबद्दल, स्पष्टच सांगतो, त्या दुकानाच्या दर्शनी, ट्यूबलाइटने उजळलेल्या काचेच्या फ्रिजमधून घेऊ नयेत. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र, जनावरासारखा वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा नाही. शिवाय हायनेकेन किंवा कार्ल्सबर्ग ही नावे युरोपातली असली तरी आपल्या दुकानात येणारा माल प्रायः भारतातच बनलेला असतो. यात फसवणूक काही नाही, उलट तो ताजा असतो; फक्त तो संग्रहात मिरवू नये एवढेच. मागच्या लेबलावर बनवल्याचे ठिकाण आणि मुदतीची तारीख वाचण्यास अर्धा मिनिट पुरतो.

परवान्याचा विषयही येथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि घरी किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे. गोवा आपल्याला जवळ आणि तिथे निवड मोठी, त्यामुळे परतताना गाडीत पेटी टाकण्याचा मोह होतो. परंतु तिथून विनापरवाना मद्य आणणे गुन्हा आहे आणि "गोवा बनावटीच्या मद्यासह एकास अटक" ही बातमी आपण सारेच वाचत आलो आहोत. शहरातल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये सांगून ठेवल्यास दुकानदार पुढच्या मालात बाटल्या मागवून देतो, असा माझा अनुभव आहे.

जेवणाबरोबर काय जमते, हा प्रश्न कोल्हापुरात सर्वांत आधी विचारला जाईल. तांबड्या रश्शाबरोबर ब्लू मुळीच घेऊ नये. वायूचे बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. ९ टक्क्यांना ती कानापर्यंत जाते, आणि रस्सा व बिअर दोघांचीही चव हरवते. तिथे फार तर हूगार्डन चालेल. पांढऱ्या रश्शाशी मात्र ब्लूचे उत्तम जुळते: नारळाच्या दुधाचा व मटणाच्या अर्काचा स्निग्धपणा तिच्या कोरड्या शेवटाने स्वच्छ होतो आणि रश्शातल्या लवंग-दालचिनीला यीस्टचा मसालेदार गंध साथ देतो. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातले सुके मटण, चटणी बेताची असेल तर, त्याहूनही चांगले. भाजल्याची चव दोन्हींकडे आहे.

किंमत हा एकच खरा आक्षेप. आयात शुल्क आणि राज्याचे उत्पादन शुल्क मिळून ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीला भारतीय बिअरच्या तीन-चार बाटल्यांचे पैसे पडतात. याच बिअरची ७५० मिलिलिटरची, खऱ्या बुचाची बाटली ग्रांद रेझेर्व्ह नावाने येते, तिच्यावर वर्ष छापलेले असते आणि ती अधिक संथपणे पिकते, म्हणून संग्राहक तिच्या मागे असतात. परंतु ती उघडल्यावर त्याच संध्याकाळी संपवावी लागते. तेवढे चार जाणकार एका टेबलावर जमणार असतील तर ती घ्यावी; एरवी लहान बाटलीच सोयीची आहे.