फेकायचा सोनार: गंगापूर धरणात ‘मोठं काहीतरी’ शोधायला कितपत कामाचा?

सोनार म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र. फेकायचा सोनार म्हणजे टेनिस बॉलएवढा, साधारण १०० ग्रॅमचा गोळा. मासेमारीच्या रॉडच्या दोरीला बांधून पाण्यात फेकायचा. तो खाली ध्वनी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी वाय-फायवरून मोबाइलवर उमटतो. असे गोळे दोन-तीन कंपन्यांचे मिळतात. इथलं सगळं दोन बीमच्या (बीम म्हणजे खाली जाणारा ध्वनीचा झोत), जीपीएसवाल्या मॉडेलला लागू आहे. तळाची खोली, गाळ, बुडालेली झाडं, माशांचे थवे यासाठी हे यंत्र खरंच छान आहे. पण नेसीच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या कथित दैत्याच्या, गोष्टी वाचून, किंवा नाशिकजवळच्या गंगापूर धरणात अजस्र काहीतरी फिरतं असं ऐकून ते घेणार असाल, तर स्क्रीन वाचायला शिकल्याशिवाय उपयोग नाही.

स्क्रीनवर जे दिसतं ते पाण्याचं चित्र नसतं. उभ्या दिशेला अंतर असतं आणि आडव्या दिशेला वेळ. गोळा एका जागी तरंगतोय आणि त्याच्या खाली एक कटला निवांत थांबलाय, तर प्रत्येक ध्वनीला तोच मासा पुन्हा पुन्हा उमटतो आणि स्क्रीनभर लांबच लांब, सापासारखी रेघ तयार होते. ही रेघ माशाची लांबी नव्हे, तो तिथे किती वेळ थांबला ते सांगते. मासा थोडा वरखाली झाला की रेघेला वळणं येतात आणि बघणाऱ्याची खात्रीच पटते. उलट गोळा ओढताना मासा खालून गेला तर अंतर आधी कमी होतं, मग वाढतं, म्हणून कमान दिसते. कमानीची रुंदीही तुमच्या ओढण्याच्या वेगावर ठरते. आकाराचा थोडाफार अंदाज रेघेच्या जाडीवरून आणि रंगाच्या तीव्रतेवरून येतो, तोही कच्चा. एकाच अंतरावरचे चार मासे एकच जाड ठिपका देतात.

बीमचा हिशेबही डोक्यात ठेवा. अरुंद बीम १५ अंशांचा असेल तर २० मीटर खोलीवर तो सव्वापाच मीटर रुंदीचं वर्तुळ पाहतो. ५५ अंशांचा रुंद बीम त्याच खोलीवर जवळपास २१ मीटर. रुंद बीमच्या कडेला, १५ मीटर खोलीवर असलेला मासा तिरप्या अंतरामुळे १७ मीटरवर दिसतो. त्यामुळे रुंद बीम फक्त चाळायला वापरा आणि काही सापडलं की अरुंदवर या.

वापरायची पद्धत अशी. दोरी ब्रेडेड (विणलेली) घ्या, किमान ३० पौंडांचा ताण सोसणारी, आणि रॉड १०० ग्रॅम वजन फेकताना वाकून मोडणार नाही अशी. गाठ थेट गोळ्याला नको, मध्ये स्नॅप स्विव्हल (उघडझाप होणारी फिरती कडी) लावा. मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही’ म्हणून फोन स्वतःच जोडणी सोडतो. ॲपमधली माशांची चित्रं पहिल्यांदा बंद करा. ती ॲपने लावलेला अंदाज असतात, फांदीलाही मासा म्हणतात. कच्चा प्रतिध्वनी बघा. सेन्सिटिव्हिटी (किती क्षीण प्रतिध्वनी दाखवायचा ते) मधोमध ठेवून तळाची रेघ स्वच्छ होईपर्यंत हळूहळू वाढवा. मग सावकाश, एकसारख्या वेगाने ओढा. संशयास्पद काही दिसलं की त्याच जागेवरून निदान तीनदा, वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगवेगळ्या वेगाने गोळा न्या. बुडालेलं झाड दर वेळी तिथेच सापडतं. मासा निघून जातो. वेग बदलल्यावर ज्याची ‘लांबी’ बदलते, ती लांबी नव्हती.

आपल्याकडच्या पाण्यात फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे. ध्वनी हवेवरून फार जोरात परततो, त्यामुळे तळापासून वर सरकणारी ठळक तिरपी रेघ दिसते, जणू काही प्राणी वर येतोय. उन्हाळ्यात खोल पाण्यात वरचा कोमट आणि खालचा गार थर वेगळा राहतो, त्या सीमेवर धुरकट पट्टा उमटतो. गोळ्याचा तापमापक मात्र फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो. नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला हे यंत्र नेण्यात अर्थ नाही: पाणी उथळ, जलपर्णी दाट, गोळा अडकणारच.

लॉक नेसवरही यंत्रं बदलली, अडचण बरीचशी हीच राहिली. ते सरोवर सुमारे २३० मीटर खोल, पीटमुळे (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे) पाणी काळपट, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा ध्वनीवर भिस्त. १९८७ च्या ‘ऑपरेशन डीपस्कॅन’मध्ये बोटींची रांग सोनार लावून सरोवरभर फिरली, मोजक्या प्रतिध्वनींचा उलगडा झाला नाही आणि परत त्या जागी गेल्यावर तिथे काही नव्हतं. २०१६ मध्ये मात्र पाण्याखालच्या रोबोटने तळाचा खरोखर आकार दाखवणारं स्कॅन केलं, तेव्हा सुमारे नऊ मीटर लांबीचा दैत्य सापडला: चित्रपटासाठी बनवलेला आणि १९६९ मध्ये बुडालेला पुतळा. २०१८ मध्ये जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल यांच्या गटाने सुमारे २५० पाण्याचे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशाचा भरपूर. ‘आहे का’ या प्रश्नाला आमच्या मते हीच पद्धत सर्वांत सरळ भिडते. २०२३ च्या मोठ्या शोधात पाण्याखालच्या माइकवर चार गूढ आवाज ऐकू आले, पण रेकॉर्डर जोडलेलाच नव्हता. गोळा फेकण्याआधी स्कॅन सेव्ह होतंय का ते बघा, एवढं तरी त्यातून घ्या.

यंत्राच्या उणिवा. वाय-फाय पाण्यातून जात नाही, त्यामुळे लाटांमध्ये गोळा झाकला की जोडणी तुटते. फोन उंच धरा. खोलीची ८० मीटरची मर्यादा गंगापूरला पुरते, कारण धरणाची उंचीच सुमारे ३६ मीटर आहे. लॉक नेसचा तळ मात्र या यंत्राच्या आवाक्यात नाही. गोळा पाणी लागलं की चालू होतो, म्हणून ओला तसाच पिशवीत टाकला तर बॅटरी संपेपर्यंत चालूच राहतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण दर वेळी बोटाने दाबून तपासा. तिथून पाणी शिरलं की दुरुस्ती होत नाही.

घ्यावा का? मासेमारी करणाऱ्याने आणि काठावरून तळाचा नकाशा काढू पाहणाऱ्याने जरूर घ्यावा. फक्त दैत्यासाठी घेणार असाल तर नको. त्यापेक्षा बोट असेल तर साइड-स्कॅन यंत्रासाठी (ध्वनी बाजूंना सोडणारा सोनार) पैसे साठवा, त्यात निदान वस्तूची सावली दिसते आणि सावलीवरून उंची काढता येते.

परवानगीचं: गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. बोट किंवा कयाक उतरवण्याआधी जलसंपदा विभागाला विचारा, बांधाच्या आणि पाणी उपशाच्या विहिरीच्या जवळ गोळा फेकू नका. काठावर आसरांचे (जलदेवतांचे) शेंदूर लावलेले दगड असतील तिथे सामान मांडू नका, गावकऱ्यांशी आधी बोलून घ्या; तळ कुठे एकदम खोल जातो ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. आणि सोबत ड्रोन उडवायचा विचार असेल तर डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी उघडा: धरणं ही संवेदनशील ठिकाणं, त्यात देवळाली आणि गांधीनगरच्या लष्करी जागांमुळे नाशिकच्या आसपास मनाईचे पट्टे आहेत.