लीडपाइपच्या नावाखाली माझे २४ हजार गेले

पुण्यात ट्रॉम्बोन, म्हणजे नळी सरकवून सूर बदलायचं पितळी फुंकवाद्य, वाजवणारे मोजकेच, त्यातही मोठ्या बोअरचा (नळीच्या आतल्या व्यासाचा) टेनर ट्रॉम्बोन बाळगणारे आणखी कमी. मला फसवणारा माणूस पुढे आपल्यापैकीच कुणाला तरी गाठणार, म्हणून हे लिहितोय.

माझ्या वाद्याचा बोअर ०.५४७ इंच, म्हणजे १३.८९ मिलिमीटर. माउथपीस जिथे बसतो तिथून स्लाइडच्या (सरकत्या भागाच्या) आतल्या नळीत उतरणारा निमुळता पाइप म्हणजे लीडपाइप. तो सर्वांत अरुंद किती आणि तिथून पुढे किती झपाट्याने रुंदावतो, यावर फुंकर किती अडते नि सूर किती चटकन धरतो हे ठरतं. बऱ्याच वाद्यांत तो डाख देऊन पक्का केलेला असतो. माझ्यात आटे आहेत, फिरवून बदलता येतो. वरचे सूर नीट धरावेत म्हणून मला जरा घट्ट पाइप हवा होता.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. म्हणाला, "तीन पाइपांचा सेट आहे, स्टर्लिंग चांदीचा, कुठल्याही लार्ज बोअरला बसतो." या 'कुठल्याही'लाच मी थांबायला हवं होतं. आट्यांचं माप सगळ्या कंपन्यांचं एकच असतं असं नाही. पण मी अर्धे पैसे आगाऊ पाठवले, आणि तेही दुसऱ्याच नावाच्या यूपीआयवर.

स्वारगेटजवळ भेटलो. त्याने पहिला पाइप माझ्या स्लाइडमध्ये स्वतः फिरवून बसवला. लोण्यासारखा गेला. मी चार सूर वाजवले, खरंच छान लागले. "बाकीचे दोन असेच, फक्त आकडा वेगळा," म्हणत त्याने डबी बंद केली. मी उरलेले १२ हजार दिले. तो एक पाइप खरा होता, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

घरी दुसरा पाइप लावला. एक फेरा गेला आणि अडला. तिथेच थांबायचं, तर मी जोर लावला. करकर आवाज आला; काढून पाहतो तर माझ्या स्लाइडच्या आट्यांतून पितळेचा बारीक कीस निघाला होता. नवी खोट त्या पाइपात नव्हे, माझ्याच वाद्यात पडली होती. तिसरा तर सरळ आत घरंगळला आणि हलवला की खुळखुळायला लागला. तो लहान बोअरचा होता. माझ्या माउथपीसची जाड शँक, म्हणजे पाइपात शिरणारं टोक, त्यात शिरेचना. असा पाइप दाबून बसवला तरी बाजूने हवा निसटणार.

चांदीचं म्हणाल तर सोन्या मारुती चौकातल्या सराफाकडे गेलो. त्यांनी कडेला कानशीचा एक हात मारला. खाली पिवळं पितळ. "वरचा मुलामा आहे, दादा," एवढंच ते म्हणाले. दोन्ही तसेच निघाले. पहिला मात्र तपासून घ्यायची हिंमत झाली नाही, कारण वाजतो तेवढा एकच.

नवव्या दिवशी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. खरं तर पैसे गेल्या दिवशीच करायला हवा होता, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. तक्रार नोंदली आहे, त्याचा फोन बंद आहे, पैसे आलेले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर तिन्ही पाइप तुमच्या हाताने, तुमच्याच माउथपीसने, त्याच्यासमोर बसवून पाहा. जरा जरी अडला तरी जोर लावू नका. व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) खिशात न्या. बाहेरचा व्यास मोजायला अर्धं मिनिट लागतं. चांदी म्हणून जादा पैसे मागत असेल तर आधी सराफाकडे चला म्हणा. येत नसेल तर डबी त्याची त्याला परत द्या.

माझी स्लाइड सध्या भोसरीत एका लेथवाल्याकडे आहे. आटे पुन्हा पाडता येतील का, ते तो उद्या पाहून सांगणार आहे.