अजानचं घड्याळ: फजरला पक्कं, इशानंतर कच्चं

उशाशी ठेवायचं हे डिजिटल घड्याळ फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, उठवायचं काम चोख करतं, पण सेटिंग नीट लावलं तर. डब्यातून निघतं तेव्हा त्यात मक्का शहर आणि नमाजाच्या वेळा काढायची सौदीतली उम्मुल-कुरा पद्धत असते. त्या हिशेबाने इशा (रात्रीची नमाज) मगरिबनंतर (सूर्यास्ताची नमाज) सरळ 90 मिनिटांनी. आपल्याकडे कराची पद्धत लावा, फजर आणि इशा दोन्ही सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर असताना. असरसाठी, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजासाठी, हनफी की शाफई यांपैकी कुठला मजहब (धर्मशास्त्राची परंपरा) तेही निवडायचं असतं. कोकणी मुसलमानांच्या घरांत बहुधा शाफई. शहराच्या कोडमध्ये आळस नको. नागपुरात मुंबईचा कोड राहिला तर फजर सुमारे 25 मिनिटं उशिरा वाजते, आणि रमजानात तेवढ्या वेळात खाल्लेली सहरी (फजरआधीचं खाणं) रोजाच घालवते.

घेताना फजरची अजान दुकानातच वाजवून बघा. 'हय्या अलल फलाह'नंतर 'अस्सलातु खैरुम मिनन नौम', म्हणजे झोपेपेक्षा नमाज बरी, हे दोनदा यायला हवं. पाचही वेळांना एकच रेकॉर्डिंग असेल तर ते येत नाही. तहज्जुदची, म्हणजे रात्री उठून पढायच्या ऐच्छिक नमाजाची, वेळ घड्याळ काढून देत नाही. मगरिब 7 ला आणि फजर 5 ला असेल, तर तिच्यासाठीचा रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा 1:40 ला लागतो. तो गजर आपणच लावायचा.

झोपतानाच्या दुआंचं बटण मात्र नावापुरतं. वुजू करून (नमाजाआधी धुतो तसे हात-तोंड-पाय धुऊन), बिछाना तीनदा झटकून, तळवे जोडायचे. इख्लास, फलक, नास या कुराणातल्या सूरा पढून त्यात फुंकायचं आणि हात डोक्यातोंडावरून अंगभर फिरवायचे, असं तीन वेळा. रेकॉर्डिंग तिन्ही सूरा एकदाच, न थांबता पळवतं. हात फिरवायला उसंतच नाही. तसबीहचा, म्हणजे जप मोजायचा, काउंटर तर दर 33 ला टीं करून शून्यावर येतो. झोपतानाची तसबीह 33 सुब्हानल्लाह, 33 अल्हम्दुलिल्लाह आणि 34 अल्लाहु अकबर अशी असते. शेवटचा एक बोटावर मोजा.

किब्ल्याची, म्हणजे काबाची दिशा दाखवणारी, सुई लोखंडी पलंगावर भरकटते, जमिनीवर ठेवून बघा. झोपायचं उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, आपल्याकडे तो पश्चिमेला, म्हणजे उशी उत्तरेला येते.

अ‍ॅडॅप्टर लावला की निळा दिवा रात्रभर जळतो. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) झोपताना दिवे मालवायला सांगितलंय ते उंदराने वात ओढून घर पेटवू नये म्हणून. हा दिवा उंदीर नेणार नाही, पण डोळ्यांवर येतोच. सेलवर चालवलं तर तो काही सेकंदांत विझतो. सेल बदलल्यावर हिजरी (इस्लामी चांद्र) तारीख तपासा, बहुतेकदा एक दिवस मागे घ्यावी लागते.