ॲलिसन १००० गिअरबॉक्ससाठी तेल: डेक्सरॉन-६ घ्यावे की टीईएस मान्यतेचे?

जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या जोडीने ॲलिसन १००० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २००१ च्या मॉडेलपासून सिल्व्हराडो आणि सिएरा या मोठ्या पिकअपमध्ये बसू लागला आणि २०१९ पर्यंत टिकला. अशी गाडी हाताशी असलेल्याला तेल बदलायची वेळ आली की तीन पर्याय दिसतात: जनरल मोटर्सच्या मानकाचे डेक्सरॉन-६, ॲलिसन कंपनीच्या टीईएस २९५ किंवा टीईएस ६६८ या तेल-मानकांच्या मान्यतेचे सिंथेटिक, आणि ‘सर्व गाड्यांना चालणारे’ म्हणून विकले जाणारे बहुउपयोगी तेल. तिन्ही लालच असतात, त्यामुळे रंगावरून काहीच ठरवता येत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांच्या पुस्तिकेत डेक्सरॉन-३ लिहिलेले आढळते. त्या तेलाचे परवाने २००६ अखेर संपले, म्हणून आज डब्यावर ‘डेक्सरॉन-३’ असे छापलेले असले तरी त्यामागे जनरल मोटर्सची कसलीही तपासणी उभी नाही. त्याची जागा डेक्सरॉन-६ ने घेतली असून ते जुन्या गाड्यांतही चालावे अशाच बेताने बनवलेले आहे. १०० अंश सेल्सियसला त्याची विस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, जास्तीत जास्त ६.४ सेंटीस्टोक (दाटपणाचे एकक) असते, म्हणजे जुन्या तेलापेक्षा ते पातळ आहे, आणि नेमके इथेच अनेकांचे मन अडते. पण जुने तेल नवे असतानाच काय ते दाट असे. गिअरच्या दातांमध्ये रगडले जाऊन ते लवकर पातळ होई. डेक्सरॉन-६ पहिल्यापासून पातळ असले तरी तसेच टिकून राहते, त्यामुळे ‘पातळ म्हणजे हलके’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

टीईएस २९५ हे मुळात बस, ट्रक अशा अवजड वाहनांच्या गरजेतून आलेले मानक होय. त्यातले सर्वांत परिचित तेल ट्रान्ससिंड. त्याची विस्कॉसिटी १०० अंशांना सातच्या वर असते, आणि सिंथेटिक बेस ऑइलमुळे उष्णतेत ते उशिरा बिघडते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी चढले की तेलाचे ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिघडणे) दुप्पट वेगाने होते, हे ध्यानात घेतले तर जड ट्रेलर जोडून घाट चढणाऱ्या गाडीसाठी हा फरक कागदोपत्री राहत नाही. पुढे ॲलिसनने टीईएस ६६८ आणले. ते टीईएस २९५ च्या जागी बिनदिक्कत वापरता येते, आणि आज नव्याने खरेदी करणाऱ्याने तेच शोधावे.

बहुउपयोगी तेलाबाबत माझे मत अनुकूल नाही. क्लच प्लेटची पकड आणि घसरण यांचा मेळ तेलातल्या फ्रिक्शन मॉडिफायरवर (घर्षण कमी-जास्त करणाऱ्या रसायनावर) अवलंबून असतो, आणि हा मेळ प्रत्येक कंपनी आपापल्या प्लेटनुसार बसवते. एकाच डब्यातून फोर्ड, क्रायस्लर आणि ॲलिसन अशा सगळ्यांचे समाधान करायचे म्हटले की कुठेतरी तडजोड करावीच लागते. ती चुकली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) क्लच लागताना, सपाट रस्त्यावर मंद वेग असताना, गाडी खडबडीत रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथरते.

डबा हातात घेऊन मागची बाजू वाचली की निम्मे काम होते. ‘अमुक मानकासाठी योग्य’ किंवा ‘शिफारस’ हे विक्रेत्याचे स्वतःचे म्हणणे असते. ‘परवानाप्राप्त’ किंवा ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द त्यापुढच्या क्रमांकासह आला, तरच तो पडताळता येतो. डेक्सरॉन-६ चा परवाना क्रमांक ‘जे’ अक्षराने सुरू होतो, तर टीईएस तेलांची यादी ॲलिसन स्वतः प्रसिद्ध करते.

एक खबरदारी मात्र हवी. २०२० पासूनच्या दहा गिअरच्या गिअरबॉक्सलाही ॲलिसनचेच नाव आहे, पण त्याला डेक्सरॉन यूएलव्ही हे आणखी पातळ तेल लागते. डेक्सरॉन-६ आणि टीईएस हे दोन्ही पर्याय त्याला चालत नाहीत.

रोजच्या ये-जा करणाऱ्या आणि क्वचित ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत मी डेक्सरॉन-६ घालीन, कारण जनरल मोटर्सने नंतर कारखान्यातून हेच भरले आणि वॉरंटीच्या काळात त्यावर वाद उद्भवत नाही. वर्षातला बराच काळ ट्रेलर मागे असेल, तर टीईएस ६६८ चे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. फक्त एकदाच तेल बदलून त्याचा पूर्ण लाभ मिळेल असे धरू नये: ड्रेन प्लगमधून साधारण सात लिटर तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत राहून नव्यात मिसळते. म्हणून दुसरा बदल थोड्या अंतराने करावा. त्या वेळी बाहेरून फिरवून बसणारा फिल्टर काढला की आतील गोल चुंबकावर चिकटलेला करडा लगदा बोटाने पुसून पाहावा; तो बारीक पिठासारखा असेल तर नेहमीची झीज समजावी, पण त्यात टोचणारे कण लागले, तर तेलाचा प्रश्न बाजूला ठेवून गिअरबॉक्स आधी तपासून घ्यावा.