पायवाटेच्या निगेसाठी गवत कापण्याचे यंत्र : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या वाड्यावरून देवळाकडे, कुळागरांकडे (सुपारीच्या बागांकडे) आणि पुढे बसथांब्याकडे जाणारी सुमारे दीड किलोमीटरची पायवाट मोकळी ठेवण्याचे काम आम्ही सात-आठ जण करतो. त्यासाठी गेल्या वर्षी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारे, पट्ट्याने खांद्याला अडकवायचे गवत कापण्याचे यंत्र घेतले.

गवतापुरते बोलायचे तर यंत्राने अपेक्षा पूर्ण केली. जुलैत माणसाच्या कमरेपर्यंत वाढणारे गवत कोयत्याने काढायला चौघांना दिवस लागे. तेच काम आता एक जण सकाळच्या तीन तासांत उरकतो, आणि चवथीच्या आधी वाट दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे, कारण पावसाळ्यात चापडा हा हिरवा विषारी साप बहुधा हाताच्या उंचीच्या झुडपांवरच बसलेला असतो आणि हिरव्या पानांत तो सहज दिसत नाही.

मात्र आमच्या वाटेला जागोजाग चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत. त्यांच्या कडेने यंत्राची गवत कापणारी नायलॉनची दोरी काही मिनिटांतच झिजते, आणि तीन दातांचे लोखंडी पाते लावले तर खडे दूरवर उडतात. यंत्रापासून इतरांनी १५ मीटर लांब राहावे ही सूचना वाहत्या पायवाटेवर पाळायची, तर दोन्ही वळणांवर एकेक माणूस उभा करावा लागतो. म्हणजे एका माणसाचे काम शेवटी तिघांचे होते. इंधनाबाबतही सावध राहावे. आमच्या यंत्राला एक लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते, आणि एकदा घाईत निव्वळ पेट्रोल भरले गेल्यामुळे सिलिंडर घासला. सुटा भाग दुकानातून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले, तेही ऐन ऑगस्टमध्ये.

खरी निराशा रानमोडी नावाच्या झुडपी तणाने केली. पात्याने ती क्षणात आडवी होते, परंतु बुंध्यातून पुन्हा दुप्पट फुटते. जिथे आम्ही केवळ यंत्रावर विसंबलो, तिथे दुसऱ्या वर्षी ती आधीपेक्षा दाट झाली. जिथे पावसाने जमीन मऊ असताना, डिसेंबरच्या सुमारास फुले येऊन बी वाऱ्यावर उडण्याच्या कितीतरी आधी, कुदळीने मुळासकट उपटली, तिथे आज वाट मोकळी आहे.

शिवाय वाट मोडते ती पाण्याने. उतारावर पाणी वाटेतूनच धावू लागले की एका पावसाळ्यात तिची घळ होते, आणि ते अडवण्यासाठी ठरावीक अंतरावर तिरपे चर खणून पाणी बाजूला काढावे लागते. यात यंत्राचा काडीचा उपयोग नाही. उलट पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने कडेचे गवत अगदी जमिनीलगत छाटले आणि उघडी पडलेली माती दोन ठिकाणी ढासळली. आता चार बोटे गवत मुद्दाम राखतो.

एक किलोमीटरहून लांब वाट सांभाळणाऱ्या गटाने हे यंत्र जरूर घ्यावे. त्याहून लहान वाटेसाठी यंत्र असलेला माणूस रोजावर बोलावणे स्वस्त पडेल. आम्ही मात्र पुढच्या जूनपूर्वी वर्गणीतून दोन कुदळी आणि एक पारय (पहार) घेणार आहोत, आणि पैसे उरले तर यंत्राला नवे पाते.