गाडीवेड्यांच्या भेटीसाठी टोकियो ऑटो सलॉन

वेगवेगळ्या गावी आणि देशी राहणाऱ्या गाडीवेड्या मित्रांनी जपानमध्ये एकत्र भेटायचे ठरवले, तर जानेवारीत तीन दिवस भरणाऱ्या टोकियो ऑटो सलॉनइतके योग्य निमित्त मला दुसरे दिसत नाही. १९८३ साली सुरू झालेले हे प्रदर्शन मुळातच फेरफार केलेल्या गाड्यांचे आहे. आता मोठ्या कंपन्याही येथे तयारीने उतरतात. टोयोटाने २०२० मध्ये जीआर यारिस या छोट्या वेगवान गाडीचे अनावरण येथे केले आणि २०२३ मध्ये एई८६ या जुन्या स्पोर्ट्स गाड्या बॅटरीवर व हायड्रोजनवर चालणाऱ्या करून येथेच मांडल्या. तरीही या प्रदर्शनाचा खरा जीव लहान गॅरेजांच्या मांडणीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

गाड्यांचे रूप पालटणाऱ्या लिबर्टी वॉक या जपानी गॅरेजच्या गाडीपाशी खाली वाकून पाहावे. चाकांवर बाहेरून बसवलेल्या रुंद फेंडरचे बोल्ट लपवलेले नसतात, ते ओळीने डोळ्यांसमोर असतात, आणि मूळ पत्रा कोठे संपतो व नवे काम कोठे सुरू होते हे स्पष्ट कळते. आरई अमेमिया या दुसऱ्या गॅरेजकडे रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या) इंजिनाच्या माझदा गाड्या पाहायला मिळतात. मला मात्र सर्वाधिक आवडते ती वाहनशिक्षण संस्थांची मांडणी, जिथे विद्यार्थी स्वतः घडवलेल्या गाडीशेजारी उभे असतात आणि एखादा सांधा कसा जुळवला असे विचारले, तर चाकाजवळ बसून ती जागाच दाखवतात. सुझुकीच्या जिम्नी या छोट्या ऑफ-रोड गाडीवर झालेले कामही चुकवू नये. गुरुग्राममध्ये बनणारी पाच दारांची जिम्नी आता ‘नोमेड’ या नावाने जपानमध्ये विकली जात असल्याने आपल्याकडच्या जिम्नीमालकांना तेथील कल्पना थेट उपयोगी पडतील.

भेट ठरवताना मात्र नीट आखणी हवी. नावात टोकियो असले तरी प्रदर्शन चिबा प्रांतातील माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात भरते. माकुहारी या नावाची स्थानके एकाहून अधिक आहेत, म्हणून निरोपात केइयो रेल्वेमार्गावरील ‘काइहिन-माकुहारी’ हे पूर्ण नाव लिहावे. टोकियो स्थानकात या मार्गाचे फलाट इतर फलाटांपासून बरेच दूर, जमिनीखाली आहेत. रेल्वेगाडी बदलायला किमान पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत. १ ते ८ ही दालने एकाला एक लागून आहेत, तर ९ ते ११ रस्त्यापलीकडे आहेत. तीन दिवसांत दोन लाखांहून अधिक माणसे येतात, त्यामुळे ‘आत आल्यावर फोन करू’ असे कधीही ठरवू नये. दालनाचा क्रमांक आणि वेळ आधीच पक्की करावी, आणि सर्वांनी प्रथम स्थानकाबाहेरच जमावे हे उत्तम. तिकिटेही आगाऊ काढावीत. शुक्रवारचे तिकीट महाग असते, पण गाडी घडवणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतील तर सुट्टी काढून शुक्रवारीच यावे. शनिवारी तेवढी उसंत मिळणे कठीण. उघड्यावरील ड्रिफ्टची (गाडी आडवी घसरवत वळवण्याची) प्रात्यक्षिके पाहताना समुद्रावरचा वारा चांगलाच झोंबतो. शाकाहारी मंडळींनी जेवणाची सोय बरोबर ठेवावी.

प्रदर्शन संपल्यावर पुष्कळांना योकोहामाजवळच्या दाइकोकू पार्किंग एरियात, म्हणजे गाडीवेडे जमतात त्या थांब्यावर, जायचे असते, आणि उपसागराकाठच्या वांगान या द्रुतगती मार्गाने तिकडचा प्रवासही सुरेख होतो. पण ते ठिकाण द्रुतगती मार्गावर असल्याने तेथे पायी जाता येत नाही आणि गर्दीच्या रात्री पोलीस ते बंदही करतात. म्हणून टोकियो उपसागरातील उमिहोतारु हा द्रुतगती मार्गावरचाच दुसरा थांबा पर्याय म्हणून सर्वांना सांगून ठेवावे आणि रेल्वेने आलेल्यांपैकी कोण कोणाच्या गाडीत बसणार, हे सकाळीच ठरवावे.