लेसवाला लेदर फुटबॉल, सात महिने वापरल्यावर (आणि थोडं जिमी मॅकग्रोरीबद्दल)

ऑक्टोबरमध्ये घेतला, आता मे संपत आला. १९३० च्या सुमाराला असायचा तसा बॉल आहे, आत वेगळा रबरी ब्लॅडर, वरून जाड लेदर आणि तोंड चामड्याच्या वादीने आवळून बांधायचं. आम्ही ग्लासगोत राहतो आणि घेण्याचं कारण एकच, मॅकग्रोरी. इथल्या सेल्टिक क्लबचा सेंटर फॉरवर्ड (म्हणजे पुढे राहून गोल मारणारा), जन्म १९०४, गार्नगडच्या गरीब वस्तीत वाढलेला, उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि लीगच्या ४०८ मॅचमध्ये ४१० गोल! जानेवारी १९२८ मध्ये डनफर्मलिन संघाविरुद्ध एकट्याने ८ गोल मारले. आणि त्याची खासियत काय, तर हेडर, म्हणजे डोक्याने बॉल मारणं.

आता बॉलचं. सुका असताना मस्त आहे, उलट आजच्या बॉलपेक्षा हलकाच वाटतो, कारण १९३७ पर्यंत नियमातच वजन १३ ते १५ औंस होतं. पण पाऊस आला की संपलं. अर्ध्या तासात लेदर पाणी पितं, शिवणीतून चिखल आत जातो आणि पायाला दगड मारल्यासारखं लागतं. नोव्हेंबरात मी हौसेने एक हेडर मारला, नेमकी वादीची गाठ कपाळावर बसली, तीन दिवस वळ होता. मुलीला तर हेडर अजिबात करू देत नाही, तुम्हीही देऊ नका.

तेव्हापासून मॅकग्रोरीचे आकडे वेगळेच दिसायला लागले हो. हा माणूस अशाच बॉलवर, अशाच ग्लासगोच्या पावसात, पंधरा वर्षं डोकं घालत होता. १९२८ मध्येच लंडनच्या आर्सेनल क्लबने मोठी ऑफर दिली तर सरळ नाही म्हणाला, सेल्टिक सोडायचंच नव्हतं त्याला. स्कॉटलंडकडून मात्र फक्त ७ मॅच, याचं मला खरंच वाईट वाटतं. १९३३ ला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर सव्वा लाखावर लोकांसमोर इंग्लंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल याचे, आणि तरी एवढ्याच मॅच!

देखभाल भरपूर आहे. खेळून आलं की ओल्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, हीटरजवळ ठेवायचा नाही, लेदर तडकतं, मग बोटाने ग्रीस चोळायचं, शिवणीत जास्त. फेब्रुवारीत वादी तुटली, नवीन घातली, हवा भरून परत आवळताना नखं दुखून येतात. ब्लॅडर दर आठवड्याला थोडा बसतो.

रोज खेळायला घेऊ नका. सुक्या दिवशी बागेत पासिंग करायला मात्र जरूर घ्या, त्याचा तो धप्प आवाज प्लास्टिकच्या बॉलला येत नाही.